चौतीस जुने फोन

प्यो मालसुक सकाळी पावणेआठला कामावर यायची. ऑफिस नऊचं. पण फोन आदल्या संध्याकाळी चार्जिंगला लावून ठेवलेले असत, आणि जुन्या फोनची बॅटरी कधी फुगेल सांगता येत नाही. ते कुणीतरी हाताने चाचपून बघायला हवं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कामाच्या कागदावरही लिहिलेलं नव्हतं. ती एकेक फोन पालथा करून पाठीवरून अंगठा फिरवायची. कुठे उंचवटा लागला की तो फोन वेगळ्या पत्र्याच्या डब्यात. असे एकशे बारा फोन. त्यांतले चौतीस सहा वर्षांहून जुने. ते चौतीस तिचे. बाकीचे तिच्यासोबत तपासणी करणाऱ्या उन-ब्योलचे.

इमारत गासानमधली, सोलच्या त्या कडेला जिथे आता सगळ्या काचेच्याच इमारती दिसतात. मालसुक पहिल्यांदा इथे आली तेव्हा सोळा वर्षांची होती आणि इथे विटांच्या चिमण्या होत्या. गोएसानच्या डोंगरातून ती केसांचे टोप विणणाऱ्या कारखान्यात आली. एका खोलीत सहा मुली, दोन पाळ्या, तीन अंथरुणं. पुढे रेडिओच्या कारखान्यात अकरा वर्षं डाग लावले, म्हणजे कथील वितळवून तारा जोडल्या. कारखाना परदेशी गेला. मग एकोणीस वर्षं खाणावळींतून भांडी, भाजी आणि रश्शाची पातेली. सत्तावन्नाव्या वर्षी वॉर्ड ऑफिसच्या वयस्कांच्या योजनेतून तिला हे काम मिळालं. कंपनी कुटुंबांसाठी फोटोंचं अ‍ॅप चालवायची: घरातल्या एकाने फोटो टाकला की तो सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर दिसायचा. अ‍ॅपमध्ये काही बदल झाला की ते प्रत्येक फोनवर उघडून बघायचं आणि काय दिसलं ते लिहायचं, एवढंच मालसुकचं काम. करार वर्षाचा, दरवर्षी नवा होणारा. त्यावर लिहिलं होतं, ‘जुन्या उपकरणांची तपासणी’.

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणायचे, खाणावळीतल्या बाईला हाक मारतात तशी. तिला त्याचं काही वाटत नसे. वाटलं होतं ते एकदाच. पहिल्याच आठवड्यात तिने तपासणीच्या फोनवर अक्षरं मोठी करून घेतली होती. मागून जाणारा एक मुलगा थांबून हसला होता. “अरे बघा, मावशींच्या फोनवर एका ओळीत तीनच शब्द मावतात! पत्र वाचताय का पाटी?” सगळे हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. त्याच दुपारी तिने अक्षरं होती तशी बारीक केली. त्यानंतर ती खणातून चष्मा काढायची, वाचायची आणि लगेच परत ठेवायची. साठी उलटलेली बाई बारीक अक्षरं वाचते, हे लोकांना दिसायला हवं होतं.

छुसकचा, सुगीचा सण झाला आणि तिसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. आठवड्यात दोनशे अकरा. सगळ्यांचं म्हणणं एकच: फोटो बघायला गेलं की अ‍ॅप बंद पडतं, कधी कधी अख्खा फोनच काळा होतो. आणि सगळे फोन जुने.

सोमवारी विभागप्रमुख नामगुंग साहेबांनी सगळ्यांना उभ्याउभ्याच बोलावलं. “शुक्रवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाही तर ह्या चौतीस फोनांना अ‍ॅपमधून कायमची सुट्टी. वरचे लोक वर्षभर तेच म्हणतायत. मी किती दिवस थोपवू?”

उन-ब्योलने मालसुककडे बघितलं. जुने फोन गेले तर जुन्या फोनांची तपासणी कसली, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. मालसुकचा करार महिनाअखेरीला संपत होता.

अ‍ॅप लिहिणाऱ्यांपैकी दो-ग्योम सत्तावीस वर्षांचा. स्वभावाने वाईट नाही, पण खुर्चीतून न उठणारा.

“मावशी, माझ्याकडे तर मस्त चालतंय.”

“तुमच्या हातात कुठला फोन आहे?”

“ह्याच वर्षीचा.”

“मग चालेलच की. पैलवानाला जिना चढायला लावायचं आणि म्हणायचं, जिना सोपा आहे.”

“बरं, तुमच्याकडे तरी पडतंय का?”

हाच घोटाळा होता. तिच्याकडेही पडत नव्हतं.

तपासणीचा नियम असा, की प्रत्येक खेपेला फोन आधी पुसून कोरा करायचा, कारखान्यातून आला तसा. मग अ‍ॅप चढवायचं, ठरलेले तीनशे फोटो टाकायचे आणि बघायचं. मालसुकने सोमवार ते बुधवार चौतीस फोन प्रत्येकी वीस वेळा तपासले. सहाशे ऐंशी वेळा. फोन पुसायला चार मिनिटं लागतात, जुन्याला सात, म्हणून ती दहा-दहा फोन एकदम पुसायला लावायची. जेवायला ती दहा मिनिटं उठायची. अ‍ॅप एकदाही पडलं नाही.

“ताई, जरा अंदाजाने लिहा ना,” उन-ब्योल म्हणाली. तिला घरी चार वर्षांची मुलगी होती आणि तिचाही करार मालसुकसारखाच वर्षाचा. “पाच वेळा बघितलं काय नि वीस वेळा काय. कोण मोजायला येतंय?”

“मी मोजतेय.”

“तुम्ही म्हणजे ना!”

“डाग लावायच्या कामावर आमची मुकादमीण होती, बोंग बाई. रेडिओ बोलला नाही तर म्हणायची, एका वेळी एकच तार हलव. दोन हलवल्यास आणि बोलला, तर तुला काय कळलं? काही नाही. रेडिओ तेवढा शहाणा झाला, तू तशीच राहिलीस.”

तिने तक्रारी कागदावर छापून घेतल्या आणि सगळ्या वाचल्या. बाकी कुणी वाचल्या नव्हत्या. बाकीच्यांनी आकडा बघितला होता. नामहे गावच्या एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी लिहिलं होतं, की सणाला मुलाने त्याचा फोन दिला, नातीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो त्यात आहेत, उघडतो आणि बंद होतो, माझं काही चुकतंय का. जवळजवळ प्रत्येक तक्रारीत ते वाक्य होतंच: मुलाने दिला, सुनेने दिला, धाकट्याने स्वतःला नवा घेतला आणि हा मला दिला. माझं काही चुकतंय का, हेही बहुतेकांनी विचारलं होतं.

मालसुकने त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. फोन दुसऱ्याच्या हातातून आलेत. म्हणजे आधीच्या माणसाचं काहीतरी आत राहिलं असणार. तिने मुद्दाम न पुसलेले फोन घेतले, त्यांत जुने संदेश भरले, चार हजार फोटो भरले. फोन रडतखडत चालले, पण चालले. बुधवारी संध्याकाळी तिच्या कागदावर एकही फुली नव्हती.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत चष्म्याच्या बिजागरीचा स्क्रू पडला. ती टेबलाखाली गुडघ्यांवर बसून शोधत राहिली, सापडला नाही. एक काडी हातात, एक कानावर. हॉलमध्ये कुणी नव्हतं. एकोणिसाव्या फोनवर अ‍ॅपची कितवी आवृत्ती आहे ते तिला लिहायचं होतं आणि आकडा मुंगीएवढा दिसत होता. तिने मागे वळून बघितलं. मग फोनची अक्षरं मोठी केली. सगळ्यात मोठी. आकडा वाचला, लिहिला आणि अ‍ॅप उघडलं.

फोटो अर्धे उमटले. फोन थबकला. पडदा काळा.

तिने फोन परत चालू केला, अ‍ॅप उघडलं. काळा. अक्षरं बारीक केली. चाललं. मोठी केली. काळा. असं तिने अकरा वेळा केलं. मग फोन टेबलावर ठेवून दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली.

आनंद तिला झाला नाही. तिचे कान तापले. सण झाला की मुलं शहरात परत निघतात. निघताना मुलगा आपला जुना फोन आईच्या हातात ठेवतो आणि गाडी सुरू करण्याआधी तिच्यासाठी एक काम नक्की करतो: अक्षरं मोठी करून देतो. सगळ्यात मोठी. तेवढंच त्याला सुचतं. तिच्या स्वतःच्या मुलानेही बुसानहून आला तेव्हा हेच केलं होतं, आणि तो गेल्यावर तिने ती बारीक केली होती. उद्या ऑफिसात कुणी बघू नये म्हणून. इथे फोन पुसून कोरा केला की अक्षरंही मूळ मापावर येत होती. आणि हॉलमधल्या साठ माणसांत मोठ्या अक्षरांची गरज असलेलं माणूस एकच होतं. ते लपवत बसलं होतं. तीन दिवस. सहाशे ऐंशी खेपा.

उन-ब्योल दात कोरत आत आली. “अगं बाई! ही कुणाची म्हाताऱ्यांची अक्षरं?”

“माझी,” मालसुक म्हणाली. “बस इथे. मला दिसत नाही नीट. मी फोन चालवते, तू लिही.”

उन-ब्योलचं हसू ओठांतच राहिलं. तिने पेन घेतलं.

अक्षरांची मापं पाच. फोन चौतीस. प्रत्येक मापाला दहा खेपा. तीन मापांपर्यंत सगळे फोन चालले. चौथ्याला एकवीस पडले. पाचव्याला चौतीसच्या चौतीस. गुरुवारी इमारत बंद होईपर्यंत आणि शुक्रवारी सकाळी साडेसहापासून दोघी बसल्या. उन-ब्योलने मुलीला शेजारणीकडे ठेवलं होतं.

दहा वाजता चौतीस फोन संपले. बैठक अकराला.

“झालं ना, ताई. चला, चहा घेऊ.”

“पुढचे तेरा राहिलेत.”

“पुढचे कुठले? ते तर पाच वर्षांचे आहेत. त्यांची तक्रारच नाही.”

“रेघ कुठे पडते ते कळायला नको? ह्या बाजूला पडतात, त्या बाजूला पडत नाहीत, असं दाखवलं तर कुणी वाकडं बोलणार नाही.”

तेरा फोन ठीक चालले. दहांतून नऊ वेळा. प्रत्येक फोन एकदाच पडला, पाचव्या मापावर. उन-ब्योलने पेन वर धरलं.

“एकदा म्हणजे पडल्यात धरायचं का? घाई झाली असेल. राहू दे ना.”

“पडला ना?”

“पडला.”

“मग लिही.”

बैठकीत मालसुकने कागद मांडला आणि उभी राहूनच सांगितलं. दो-ग्योमने संगणकावर काही उघडलं, पाच मिनिटं बघितलं आणि कपाळावर हात मारला. “मावशी, तुम्ही जादूगार आहात! सापडलं.” तो सगळ्यांना सांगू लागला. अक्षरं मोठी झाली की फोटोखालची नावाची पट्टी वाढते. पट्टी वाढली की चौकट वाढते. चौकट ठरावीक मापाबाहेर गेली की अ‍ॅप फोटोची छोटी प्रत सोडून मूळ फोटोच उचलतं. पडद्यावर बारा चौकटी, म्हणजे बारा मूळ फोटो एकदम. नव्या फोनला कळतही नाही. जुन्याचं कंबरडं मोडतं.

“दुरुस्तीला किती वेळ?” नामगुंग साहेबांनी विचारलं.

“चार ओळी बदलायच्या. आज संध्याकाळपर्यंत होईल.”

मालसुक खुर्चीवर टेकली. तिच्या पायात गोळे आले होते, ते तिला आत्ता जाणवलं.

नामगुंग साहेब कागद बघत राहिले. सावकाश. ओळीवर बोट ठेवून. ते कागद नीट वाचणाऱ्यांतले होते. “चार ओळी बदलल्या की परत सगळ्या फोनांवर तपासायचं. पुढच्या महिन्यात दुसरं काही निघणार, परत तपासायचं. बरोबर?”

“ते तर असतंच,” दो-ग्योम म्हणाला.

“वर मला एकच विचारत होते: रेघ कुठे मारायची? कुठल्या फोनपर्यंत सोडून द्यायचे? मी वर्षभर सांगत होतो, नक्की सांगता येत नाही, तसा कागदच नाही आपल्याकडे. त्यावरच थांबलं होतं सगळं.” त्यांनी कागद उचलून धरला. “हा तो कागद. इतका स्वच्छ तक्ता मी आमच्या इंजिनिअरांकडूनही बघितलेला नाही. चौतीस पडतात. पुढचे तेरासुद्धा भरवशाचे नाहीत, एकेकदा पडलेत. म्हणजे रेघ सत्तेचाळिसावर.”

“ते दहांतून एकदाच पडलेत, साहेब,” मालसुक म्हणाली.

“तुम्हीच लिहिलंय, प्यो बाई.”

“लिहिलंय. खरं आहे म्हणून लिहिलं. दुरुस्त करता यावं म्हणून लिहिलं.”

“मला कळतंय.” त्यांना खरंच कळत होतं, त्यांनी नजर खाली वळवली. “कष्ट घेतलेत तुम्ही. सगळ्यांनी टाळ्या वाजवा.”

सगळ्यांनी वाजवल्या. दो-ग्योमनेही वाजवल्या, दोन वेळा, मग हात खिशात घातले. उन-ब्योलने वाजवल्या नाहीत. ती भिंतीकडे बघत होती.

जिन्यात तिने मालसुकला गाठलं. “राहू दे म्हटलं होतं मी. म्हटलं होतं ना? तेरा फोन! कोण विचारत होतं त्या तेरांचं?”

“कुणी नाही.”

“मग?”

“मग काय. पडले होते.”

“तुमच्या त्या मुकादमीणबाईने हे नाही शिकवलं, कुठे थांबायचं ते?”

“तिला नव्वद साली काढलं,” मालसुक म्हणाली. “तिच्या हातचा एकही रेडिओ परत आला नव्हता कधी.”

सोमवारी त्या सत्तेचाळीस फोनांसाठी सूचना तयार होऊन आली. महिनाअखेरीनंतर ह्या फोनवर अ‍ॅप चालणार नाही, त्याआधी आपले फोटो उतरवून घ्या. मजकूर आदराचा होता. वाक्यावाक्याला ‘माननीय’ होतं. सजावट करणाऱ्यांनी ती चित्र म्हणून काढली होती: केशरी फळं धरणारं पर्सिमनचं झाड, आणि फांद्यांवर फळांच्या जागी कुटुंबांचे बारा फोटो. मोठ्या अक्षरांवर पुन्हा तेच: बारा मूळ फोटो एकदम. दो-ग्योमच्या चार ओळी मंजूर झाल्याच नव्हत्या.

मालसुकने ती एका फोनवर उघडली, मोठ्या अक्षरांवर. काळा पडदा. दुसरा. काळा. सत्तेचाळीस फोन तिने केले; एकही न गाळता, प्रत्येकी दहा वेळा. चौतीस फोनांवर सूचना एकदाही पुरी दिसली नाही. ज्यांच्यासाठी ती लिहिली होती त्यांनाच ती वाचता येणार नव्हती. नामहेच्या बाईंना वाटणार, आपलंच काही चुकतंय. एका सकाळी अ‍ॅप उघडणारच नाही, आणि नातीचे फोटो उतरवून घ्यायचे होते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं असं होणार.

तिने तपासणीच्या कागदावर ‘नापास’ लिहिलं आणि नामगुंग साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“साध्या अक्षरांत लिहून पाठवा, साहेब. झाड नको, फोटो नको. नुसती अक्षरं. ती दिसतात. मी बघितलंय.”

“सजावटीकडे परत पाठवायचं म्हणजे आठवडा. वरून सूचना आज दुपारी जायला सांगितलीय.” त्यांनी तपासणीचा नवा, न भरलेला कागद पुढे सरकवला. “हे बघा, महिनाअखेरीला ह्या फोनांचा प्रश्नच मिटतो. मिटणाऱ्या प्रश्नासाठी का भांडायचं? इथे ‘पास’ आणि तुमचा शिक्का. झालं.”

तपासणाऱ्याचा नावाचा शिक्का कागदावर लागतो, त्याशिवाय काही बाहेर जात नाही. मालसुकचा लाकडी होता, बाभळीसारख्या कठीण लाकडाचा. कारखान्यात पहिल्या दिवशी हजेरीसाठी कोरून घेतलेला. तो तिच्या ॲप्रनच्या खिशात होता. तिने तो बाहेर काढला नाही.

“प्यो बाई,” नामगुंग साहेब आवाज उतरवून म्हणाले. “खालच्या मजल्यावरच्या कंपनीत एक जागा आहे. तिथे मी तुमचं नाव सुचवणार आहे. मला तुमच्या कामाचं मोल आहे. फक्त हे अडवू नका.”

“सुचवा की.”

“मग शिक्का?”

“मी नापास लिहिलंय, साहेब. त्याच कागदावर हवा तर लावते. आत्ता लावते.”

“तुमचं वय काय आता? एकसष्ट ना? तुम्हाला दुसरीकडे कुठे—” ते थांबले. वाक्य पुरं करण्याइतके ते वाईट नव्हते. त्यांनी मान वळवली. “उन-ब्योल बाई, जरा इकडे या.”

उन-ब्योल आली. तिच्यापुढे तो नवा कागद होता, त्यावर साहेबांनी ‘पास’ लिहिलं होतं. तिने वाचला. मालसुकने लिहिलेला कागद शेजारीच पडला होता, तोही तिला दिसला. तिच्या कराराचे चार महिने बाकी होते. तिने पर्समधून शिक्का काढला, प्लास्टिकचा, लाल शाईच्या डबीवर टेकवला आणि मालसुककडे न बघता कागदावर मारला.

शिक्का अर्धाच उमटला. नावाचं पहिलं अक्षर आलं, बाकीचा नुसता लाल फराटा.

नामगुंग साहेब कागद उचलायला लागले.

“थांबा,” मालसुक म्हणाली. तिने उन-ब्योलच्या हातातला शिक्का उताणा केला, कडेला साचलेली शाई आपल्या रुमालाने पुसली आणि परत तिच्या हातात ठेवला. “सरळ धर. वरून दाब. मारायचाच आहे तर नाव वाचता आलं पाहिजे.”

उन-ब्योलने शिक्का दोन्ही हातांनी धरला. तिने दुसऱ्यांदा मारला. ह्या वेळी नीट उमटला.